परसातली पफ पॅनलची खोली, ओट्यापासून पन्हळीपर्यंत

पहिल्याच पावसाळ्यात आमच्या खोलीत पाणी आलं. छतातून नाही, खिडकीतूनही नाही, चक्क जमिनीलगत भिंतीखालून. जूनचा दुसरा आठवडा होता, मी सकाळी लॅपटॉप घेऊन दार उघडलं तर सतरंजी ओली चिंब आणि एक्स्टेंशन बोर्डापासून पाणी जेमतेम वीतभर लांब. पॅनल एकदम चांगले होते, पैसे मोजून घेतलेले, आणि ते थेंबभरही गळत नव्हते. चूक त्यांच्या खाली होती, म्हणजे ओट्यात. तेव्हापासून कुणीही विचारलं की पफ पॅनलची खोली कशी बांधायची तर मी पॅनलबद्दल नंतर बोलतो, आधी ओट्याबद्दल बोलतो, कारण पॅनल दोन दिवसात उभे राहतात, खरं काम त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतर असतं.

आमची जागा मुळशीत, पौडच्या पुढे, घरामागे परस आहे तिथे. घरात दोन मुलं, सासूबाई आणि टीव्ही, त्यामुळे मीटिंगला शांत जागा हवी होती. विटांची खोली बांधायची तर तीन महिने रेती-सिमेंटचा पसारा, म्हणून पॅनल. पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम, दोन्ही बाजूंनी रंगीत पत्रा आणि मध्ये हा फोम, सँडविचसारखं. कोल्ड स्टोरेजला, साईट ऑफिसला, मोबाईल टॉवरखालच्या केबिनला हेच वापरतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, विकणारे छातीठोकपणे म्हणतात की ही खोली उचलून नेता येते म्हणजे बांधकाम नाही, परवानगी लागत नाही. असं गृहीत धरू नका. पाया घालून बोल्ट मारलेली, वीज घेतलेली खोली आहे ती. जमीन एनए आहे का शेतीची, हद्दीपासून किती जागा सोडायची, हे ग्रामपंचायतीत किंवा तुमच्याकडे जे प्राधिकरण असेल तिथे आधी विचारा आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवा. सोसायटीच्या गच्चीवर टाकायचा विचार असेल तर तो इथेच सोडून द्या.

माप ठरवताना पॅनलची रुंदी बघा

आपण खोलीचा विचार फुटात करतो, दहा बाय बारा, पण पॅनल मीटरमध्ये येतात. बऱ्याच कंपन्यांची कामाची रुंदी १ मीटर असते, काहींची थोडी वेगळी, म्हणून ऑर्डरच्या आधी ‘कव्हर विड्थ किती’ हे विचारायचं. कव्हर विड्थ म्हणजे एक पॅनल दुसऱ्यात अडकल्यावर जेवढी रुंदी दिसायला उरते ती. १ मीटरचे पॅनल असतील तर बाहेरून ४ मीटर बाय ३ मीटरची खोली करा, कापाकापी फार कमी होते. कोपऱ्यात एका भिंतीचे पॅनल दुसऱ्या भिंतीच्या आत येतात, म्हणून ५० मिलिमीटर जाडीचे पॅनल असतील तर ३ मीटरच्या भिंतीतून दोन्हीकडचे मिळून १० सेंटिमीटर कमी होतात, ते एकाच पॅनलमधून कापायचे आणि कापलेली कड दाराच्या चौकटीत दडवायची. आतून साधारण पावणेतेरा बाय साडेनऊ फूट मिळतात. एक टेबल, एक दिवाण, पुस्तकांचं कपाट आणि येरझाऱ्या घालायला जागा.

४ बाय ३ चा अजून एक फायदा म्हणजे कर्ण बरोबर ५ मीटर येतो. आखणी करताना दोरी लावली की दोन्ही कर्ण टेपने मोजा, दोन्ही ५ मीटर आले म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. गवंड्याचा गुण्या छोटा असतो, चार मीटरवर जाऊन तो दोन-तीन सेंटिमीटर सहज फसवतो. विटांच्या भिंतीत हा फरक प्लास्टरमध्ये लपतो, पॅनलमध्ये लपत नाही, शेवटचा पॅनल बसतच नाही.

जागा निवडताना आंब्याखाली बांधायचा मोह होतो. सावली मिळते हे खरं, पण पाला पन्हळीत अडकतो, फांदी पडली की पत्रा चेपतो आणि चेपलेला पॅनल सरळ होत नाही. नारळाखाली तर नकोच. झाडाची सावली दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर येईल इतक्या अंतरावर खोली घ्या, पश्चिमेला खिडकी शक्यतो ठेवू नका.

पॅनल घेताना काय बघायचं

दुकानात दोन प्रकार सर्रास दाखवतात, पफ आणि ईपीएस. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोल. तो स्वस्त पडतो, पण तेवढ्याच जाडीत उष्णता जास्त आत येते. पफची उष्णतावाहकता साधारण ०.०२३ आणि थर्माकोलची ०.०३५ च्या आसपास, म्हणजे पफच्या ५० मिलिमीटरचं काम थर्माकोलकडून करून घ्यायला ७५ लागतील. नऊ इंची विटेच्या भिंतीशी तुलना केली तर ५० मिलिमीटर पफ मधून ढोबळमानाने चौथा हिस्सा उष्णता आत येते. भिंतीला ५० आणि छताला ६० किंवा ८० घ्या. सगळ्यात जास्त ऊन छतच खातं, तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

फोमची डेन्सिटी ४० किलो प्रति घनमीटर च्या आसपास असावी, कोटेशनवर ‘४० ±२’ असं लिहून येतं. पण लिहिलेलं खरं कशावरून? सॅम्पलचा तुकडा मागून घ्या, पत्रे सोलून काढा, आतल्या फोमचा १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन ब्लेडने नीट कापा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. ५० मिलिमीटर जाडीला तो २० ग्रॅम भरला पाहिजे. आमच्याकडे एकाने दिलेलं सॅम्पल १४ ग्रॅम भरलं आणि अंगठ्याने दाबलं तर खळगा तसाच राहिला, त्याला नमस्कार केला आणि दुसरीकडे गेलो. पत्र्याची जाडीही अशीच बघायची, ०.५ मिलिमीटर सांगतात आणि ०.३५ देतात, हार्डवेअरवाल्याकडून व्हर्नियर घेऊन दोन मिनिटात कळतं. कोकणात, खाऱ्या हवेत बांधत असाल तर साध्या जीआय (नुसतं जस्त चढवलेल्या) पत्र्याऐवजी गॅलव्हॅल्यूम वर रंग दिलेला पत्रा घ्या, त्यात जस्ताबरोबर ॲल्युमिनियम असतं, गंज उशिरा धरतो. आणि रंग पांढरा किंवा फिकट, गडद निळी खोली फोटोत छान दिसते आणि मे महिन्यात हात लावू देत नाही.

आगीचं पण बोलून घेऊ, कारण हे कुणी सांगत नाही. पफ पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पीआयआर नावाचा फोम आगीला त्यापेक्षा बरा, रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) पॅनल तर जळत नाहीत पण जड असतात आणि पाणी प्यायले की कामातून गेले. बसायच्या खोलीला पफ चालतो, पण त्यात गॅसची शेगडी ठेवायची नाही, वायरिंग मन लावून करायचं, आणि पॅनल लागल्यावर तिथे वेल्डिंग अजिबात करायचं नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, ‘एकच टाका मारायचाय दादा,’ तो एकच टाका महागात पडतो, ठिणगी फोमात शिरली तर बाहेरून दिसतही नाही आणि आत धुमसत राहते. वेल्डिंग सगळं आधी, पॅनल नंतर.

गाडीचंही आधी ठरवा. छताचे पॅनल ३.९ मीटरचे म्हणजे जवळजवळ तेरा फुटी, छोट्या हत्तीत ते मावत नाहीत, १४ फुटी टेम्पो लागतो. रेट चौरस फुटाचा आहे का चौरस मीटरचा, फ्लॅशिंग (कडा आणि सांधे झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या), स्क्रू आणि गाडीभाडं त्यात आहे का, हे विचारल्याशिवाय दोन कोटेशनची तुलना करू नका. आपल्या मापाच्या खोलीला भिंतींचे साधारण ३७ आणि छताचे साडेएकोणीस चौरस मीटर पॅनल लागतात.

ओटा

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. वरची माती काढून पक्का मुरूम लागेपर्यंत खणायचं, आमच्याकडे दीड फुटावर लागला. काळी माती असेल तर ती पूर्ण काढा, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचा ओटा तिच्याबरोबर वरखाली होतो. मग वाळवीचं औषध, दगडाची सोलिंग, वर मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि मग चार ते पाच इंच काँक्रीट. कागद विसरू नका, नाहीतर जमिनीची ओल वर येत राहते आणि आतली विनाईल फरशी कडांना उचलते. जिथे लोखंडी खांब येणार तिथे दीड बाय दीड फुटाचे, दोन फूट खोल खड्डे घेऊन त्यातही काँक्रीट, आणि त्यातच बोल्ट गाडून घ्यायचे. ओटा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट वर. वीज जमिनीखालून आणायची असेल तर तिचा पाईप काँक्रीटच्या आधीच टाकून ठेवा. काँक्रीट झालं की दुसऱ्या दिवशी कडेने सिमेंटचे छोटे वाफे करून पाणी भरून ठेवा, निदान सात दिवस, दहा झाले तर उत्तम. इथे घाई करणारे पुढे अँकर बोल्ट आवळताना कडा तुटताना बघतात.

आणि आता ती चूक. आमचे गवंडीमामा अनुभवी माणूस, चांगलं काम करणारे, त्यांनी ओटा चारही बाजूंनी सहा इंच मोठा केला. मी विचारलं तर म्हणाले, ‘अहो संध्याकाळी चहा घेऊन टेकायला होईल की, आणि दिसतंय पण भक्कम.’ मला पण पटलं. विटांच्या घराला असा जोतं बाहेर काढलेला ओटा शोभतो, चालतोही. पण पॅनलच्या खोलीला हीच सहा इंचांची पडवी मारक ठरते. पाऊस भिंतीवर आपटतो, पत्र्यावरून ओघळून खाली येतो, त्या कट्ट्यावर पडतो आणि कट्टा सपाट असल्यामुळे जाणार कुठे, तर पॅनलखालच्या फटीत. त्यात आम्ही पॅनल वर तोंड असलेल्या यू चॅनलमध्ये उभे केलेले, म्हणजे पाण्याला साठायला आयती पन्हळ.

बरोबर पद्धत उलटी आहे. काँक्रीटची कड पॅनलच्या बाहेरच्या पत्र्यापेक्षा इंचभर आत हवी. दोरी ४ बाय ३ ची लावा आणि काँक्रीट अडवायच्या फळ्या दोरीच्या आत एक इंच. मग ओट्याच्या कडेवर एल आकाराची पट्टी, एक पाय ओट्यावर आणि दुसरा कडेवरून खाली तीन इंच लोंबणारा, तिच्याखाली सिलिकॉनची जाड रेघ. पॅनल या पट्टीवर उभे राहतात, आतल्या बाजूने एक अँगल ओट्याला आणि पॅनलला धरून ठेवतो. भिंतीवरून आलेलं पाणी पट्टीवरून थेट जमिनीवर ठिबकतं, त्याला आत वळायला जागाच नाही. यू चॅनलच वापरायचा असेल तर त्याच्या बाहेरच्या ओठाला दर दोन फुटांवर ६ मिलिमीटरची भोकं पाडा, पाणी निघून जाईल. आम्हाला शेवटी तेच करावं लागलं, शिवाय कट्ट्याला ग्राइंडरने बाहेरचा उतार दिला आणि पॅनलवर बाहेरून चार इंच उंचीवर पट्टी रिव्हेट करून ती कट्ट्यावरून खाली आणली. चहा घेऊन तिथे आजवर कुणीही टेकलेलं नाही.

सांगाडा आणि वारा

लोक विचारतात, पॅनल स्वतःच उभे राहतात तर लोखंड कशाला. वाऱ्यासाठी. ५० मिलिमीटरच्या पॅनलचं वजन चौरस मीटरला साधारण १० किलो, म्हणजे छतासकट सगळी खोली सहाशे किलोच्या आतबाहेर. आता वारा बघा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्याला वाऱ्याचा मूळ वेग धरलाय ३९ मीटर प्रति सेकंद आणि मुंबईला ४४. ३९ ला दाब येतो चौरस मीटरला सुमारे ९३ किलो, आपलं छत साडेएकोणीस चौरस मीटरचं, गुणाकार तुम्हीच करा, पावणेदोन टनांच्या वर जातो. ढोबळ हिशोब आहे, पण निम्मा धरला तरी छत खोलीला घेऊन उडायला पुरेसा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा रायगडात घरांवरचे पत्रे कसे उडाले ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. कोकणात किंवा डोंगराच्या माथ्यावर बांधताना हा भाग स्ट्रक्चरल इंजिनियरकडून काढून घ्या.

आम्ही २ बाय २ इंचाचा चौकोनी पाईप घेतला, चार कोपऱ्यात चार आणि लांब भिंतींच्या मध्ये एकेक, असे सहा खांब. प्रत्येकाखाली ८ मिलिमीटरची बेस प्लेट. समोरची भिंत २.८५ मीटर आणि मागची २.४०, म्हणजे ३ मीटरमध्ये ४५ सेंटिमीटरचा उतार. कमी उतारावर पण छत चालतं असं कंपनीवाले सांगतात, पण आमच्या पुढे ताम्हिणी आहे, तिथे दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही, उतार जास्तच बरा. उतार दाराच्या उलट बाजूला. वेल्डिंग झालं की टाके घासून रेडऑक्साईडचे दोन हात आणि वर ऑइलपेंट, पाईपची उघडी तोंडं पत्रा लावून बंद, नाहीतर आत गांधीलमाशा आणि पाणी दोन्ही जातात.

पॅनल उभे करणं

गाडीतून उतरवताना पॅनल आडवे धरून ओढू नका, दोघांनी दोन टोकं धरून उभ्या कडेवर न्यायचे. भिंतीचा एक पॅनल तीस किलोच्या आतला, वजनाचा त्रास नाही, वाऱ्याचा आहे, माणसासकट पतंग होतो. ठेवायचे ते लाकडी ओंडक्यांवर, थोडे तिरके, झाकून आणि दोरीने बांधून. थप्पीच्या मध्ये पाणी अडकलं की पत्र्यावर पांढरे डाग पडतात.

पत्र्यावर एक पातळ प्लास्टिकची फिल्म असते. मला वाटलं काम संपेपर्यंत राहू दे, ओरखडे पडणार नाहीत. एप्रिलचं ऊन दोन महिने खाऊन ती अशी चिकटली की बायको आणि मी रविवार रविवार नखाने सोलत बसलो होतो, आणि पट्ट्यांखाली जी अडकलीय ती अजून दिसते. बसवायच्या आधी कडांची काढा आणि बसवलं की लगेच उरलेली.

सुरुवात कोपऱ्यातून. पहिला पॅनल ओळंब्यात आला नाही तर पुढचे सगळे तिरके, त्यामुळे पहिल्यावर अर्धा तास गेला तरी चालेल. सांधे नर-मादी असतात, मादीच्या खाचेत सिलिकॉनची अखंड रेघ सोडायची आणि पुढचा पॅनल ढकलायचा, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीने हलके ठोके, थेट पत्र्यावर हातोडी नको. सिलिकॉन घेताना न्यूट्रल मागा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो काचेसाठी ठीक, जस्ताच्या पत्र्याला तो खातो. हार्डवेअरवाला म्हणेल सगळं सारखंच आहे, तुम्ही ट्यूबवर वाचा.

बाजूच्या भिंतींचे पॅनल वरून तिरके कापावे लागतात, हिशोब सोपा आहे, ३ मीटरमध्ये ४५ चा उतार म्हणजे प्रत्येक १ मीटरच्या पॅनलमागे १५ सेंटिमीटर. पहिला २.८५ चा २.७० वर उतरतो, दुसरा २.५५, तिसरा २.४०. कापायला ग्राइंडर सगळे वापरतात, पण त्याच्या ठिणग्या रंग जाळतात आणि कडेचं जस्त पण जातं. बारीक दातांच्या ब्लेडची जिगसॉ हळू चालते पण कड स्वच्छ येते. काहीही वापरलं तरी लोखंडाचा बारीक कीस त्याच दिवशी ब्रशने झाडून टाका, एक सर पडली की त्याचे गंजके ठिपके होतात आणि आपल्याला वाटतं पॅनलच खराब निघाला.

पॅनल सांगाड्याला धरायला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, काळ्या रबरी वॉशरचे. ५० मिलिमीटर पॅनल आणि मागे पाईप म्हणजे ७५ चा स्क्रू. छताला स्क्रू पत्र्याच्या उंच भागावरून मारायचा, खोलगट भागात कधीच नाही, तिथून पाणी वाहतं. त्यामुळे छताचे स्क्रू शंभराच्या वरचे लागतात. आवळताना रबर थोडं बाहेर फुगलं की थांबा, पूर्ण चपटं झालं तर दोन उन्हाळ्यात फाटतं. इथे मुलं मशीन जोरात दाबून घर्र करत पळतात, त्यांच्या मागे उभं राहावं लागतं.

छताला पाच पॅनल, ४ मीटरच्या भिंतीवर दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर बाहेर, पुढेमागे ४५ सेंटिमीटर वळचण. वळचणीवर कंजूषी करू नका, भिंत जेवढी कोरडी तेवढे सांधे टिकतात. वरच्या कडेला आणि बाजूंना फ्लॅशिंगच्या पट्ट्या येतात, त्या एकावर एक चढवताना वरची पट्टी खालचीवर असायला हवी, कौलांसारखी. ऐकायला साधं वाटतं पण आमच्याकडे एका कोपऱ्यात उलटी लागली होती.

दारं-खिडक्या पॅनल उभे झाल्यावर कापायच्या, पण दाराचं वजन पॅनलवर टाकायचं नाही, चौकट सांगाड्याच्या खांबाला. दार बाहेर उघडणारं ठेवा. खिडकीच्या डोक्यावर एक पट्टी हवी जी पाणी पुढे टाकेल, आणि खालच्या पट्टीला बाहेरचा उतार. फोम कुठेही उघडा राहता कामा नये. उघड्या फोमात मुंग्या घर करतात, उंदीर कुरतडतात, आणि ऊन लागलं की तो पिवळा पडून भुगा होतो. प्रत्येक कापलेल्या कडेला पट्टी, प्रत्येक पाईपच्या भोकाला सील.

वीज, हवा, पन्हळ

लोखंडी कातडीची खोली आहे, अर्थिंगला पर्याय नाही. सांगाडा अर्थ करा, पत्र्याशी तो जोडलेला आहे ना तेही तपासून घ्या, खोलीला वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. वायर पॅनलच्या पोटात खुपसायच्या नाहीत, कापलेल्या पत्र्याच्या धारेवर त्यांचं आवरण सोललं जातं, त्या भिंतीवरून पीव्हीसी पट्टीत न्यायच्या. घरातून खोलीपर्यंत आर्मर्ड केबल, अडीच फूट खोल चरात, वर वाळू आणि विटा, म्हणजे उद्या कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे, यूट्यूबचं नाही. जड कपाट, टीव्ही हे पण पत्र्याला टांगू नका, मागे सांगाड्यात एक आडवा पाईप आधीच घालून ठेवा. हे आम्हाला वेल्डिंग संपल्यावर सुचलं.

आणि लोकांचा एक गैरसमज, पॅनलची खोली थंड असते. ती थंड नसते, ती बाहेरचं ऊन कमी आत येऊ देते, पण आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. एक माणूस बसल्या बसल्या शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सोडतो, लॅपटॉप वेगळा. समोरासमोर दोन खिडक्या किंवा एक खिडकी आणि वर एक्झॉस्ट पंखा, एवढं तरी हवंच. आम्ही पंखा पहिल्या वर्षी टाळला, ऑगस्टमध्ये चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी आली आणि थंडीत सकाळी लोखंडी खांबांना घाम फुटायचा. पंखा लावल्यावर दोन्ही कमी झालं. एसी लावलाच तर एवढ्या खोलीला एक टन भरपूर.

पन्हळ मागच्या बाजूला. छत साडेएकोणीस चौरस मीटरचं, १०० मिलिमीटर पाऊस पडला की त्यावरून जवळपास १९०० लिटर पाणी उतरतं, ते ओट्याच्या कडेलाच पडत राहिलं तर वर्षभरात माती उकरली जाते. आम्ही पाईपने ते केळींकडे वळवलंय. पाऊस पत्र्यावर वाजतो का, तर वाजतो, नुसत्या पत्र्याएवढा नाही, पण जोराच्या सरीत मीटिंगमध्ये माईक बंद ठेवावा लागतो.

काम संपलं की गवंडी-फॅब्रिकेटरचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी बागेचा पाईप घ्या. खालून सुरू करायचं, आधी ओट्याची कड दहा मिनिटं, मग खिडकीखालची पट्टी, मग खिडकीचं डोकं, मग छताचे सांधे, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन वाकलेला. वरून सुरू केलं तर पाणी कुठून आलं ते कळत नाही, सगळीकडूनच आल्यासारखं वाटतं. आम्ही हे केलं असतं तर ती सतरंजी वाचली असती. आता दरवर्षी मेच्या शेवटच्या रविवारी हाच कार्यक्रम असतो, टॉर्च धरायचं काम मुलाकडे, स्क्रूचे रबर बघायचे, पन्हळीतला पाला काढायचा, सिलिकॉन सुटलं असेल तिथे जुनं पूर्ण खरवडून नवीन, जुन्यावर थर नाही. ट्यूब उरली तर तिच्या तोंडात एक लांब स्क्रू पिळून ठेवा, महिनाभर तरी ओली राहते.